उजवीकडच्या खिडक्या

अण्णा ताटातलं अर्धंच जेवायचे. पिठी-भात उजव्या बाजूने संपत संपत बरोबर मध्यावर यायचा, तिथे त्यांचा हात थांबायचा आणि ते म्हणायचे, आज भात कमी शिजवलास वाटतं. डावीकडचा भात तसाच असायचा, त्याच्या कडेला बांगड्याची तळलेली तुकडीही तशीच. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पहिल्या दिवशी हे बघून आई मोरीत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिने काहीही न बोलता त्यांच्यासमोरचं ताट अर्धं फिरवलं. अण्णांना वाटलं तिने पुन्हा वाढलं, आणि ते निमूट जेवले. पुढे ती सवयच झाली. जेवण मध्यावर आलं की आईचा हात पुढे यायचा आणि ताट फिरायचं. चाळीत कुणी जेवणाच्या वेळी आलं तर तिला या गोष्टीची लाज वाटायची, म्हणून ती ताट फिरवता फिरवता उगीच मीठ हवं का म्हणून विचारायची.

त्यांना झटका आला होता. हातापायातली ताकद महिन्याभरात परत आली, बोलणंही सुधारलं, पण डावीकडचं दिसणं गेलं ते गेलंच. डोळे चांगले होते. मेंदूचा जो भाग डावीकडचं बघतो तो गेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणूस आंधळा झाला तर त्याला काळोख तरी दिसतो. अण्णांना डावीकडे काही कमी आहे हेच जाणवायचं नाही. जग मध्यावरच संपतं अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी निघताना आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे यांना मान डावीकडे वळवायची सवय लावा, कंटाळले तरी लावा. दुसरी म्हणजे वाचायच्या कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा, ती दिसेपर्यंत मान वळली पाहिजे. मी मान डोलावली. मनातून मला ते फार साधं वाटलं होतं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि साध्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता.

अण्णा जुळारी. माझे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, पण अण्णांना कापसाची धूळ सोसेना, म्हणून ते फणसवाडीतल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागले ते तिथेच राहिले. खिळे ठेवायच्या लाकडी केशीत प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असतो. अण्णांचा हात न बघता त्या खणात जायचा. खिळे गेले, संगणक आला, तेव्हा बरोबरीचे दोघे घरी बसले. अण्णा मात्र चाळिशी लावून नव्याने शिकले आणि लग्नपत्रिकांत त्यांचा हात धरणारं कुणी उरलं नाही. कुणाचं नाव कुणाच्या आधी, मामाकडच्यांना कुठे बसवायचं, थोरल्या जावेचं नाव धाकटीच्या खाली गेलं तर काय होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आलेल्या मजकुरात काही कमी वाटलं तर ते पार्टीला विचारायचे, तुमच्याकडे आत्याबाई नाहीत का? आणि बहुतेक वेळा आत्याबाई निघायच्याच.

झटक्यानंतर छापखान्याच्या मालकांनी चांगुलपणा केला. रघुनाथशेठ त्यांचं नाव, अण्णांहून लहान, पण त्यांना कायम अहोजाहो करणारे. त्यांनी छापखान्यातला एक जुना संगणक हातगाडीवरून आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत पाठवून दिला आणि सांगितलं, घरबसल्या जमेल तेवढं करा. संगणक एवढा जुना होता की त्यावर नेहमीची सिस्टिम टाकली तर चहा उकळून गाळून होईपर्यंत पडदा काळाच राहायचा. मी तेव्हा लालबागला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथे मला लिनक्सची गोडी लागली होती. मी सगळं पुसून लिनक्स टाकलं, आणि त्यावरही नेहमीचा सजवलेला डेस्कटॉप न टाकता नुसता एक हलका विंडो मॅनेजर टाकला. ते यंत्र अंगात आल्यासारखं पळायला लागलं. खालच्या गाळ्यातल्या लेथचा खर्रर्र आवाज आणि वर आमच्या संगणकाच्या पंख्याची घरघर, या दोन आवाजांत आमची दहा बाय बाराची खोली दिवसभर असायची.

आता हे विंडो मॅनेजर प्रकरण थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं आहे. आपण एखादा प्रोग्रॅम उघडला की त्याची खिडकी पडद्यावर कुठे उघडायची, केवढी उघडायची, कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, हे ठरवणारा एक वेगळाच प्रोग्रॅम असतो. मोठ्या सिस्टिममध्ये तो नजरेआड असतो. हलक्या सिस्टिममध्ये तोच काय तो घरात असतो, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एक जण नवी खिडकी सरळ वरच्या डाव्या कोपऱ्यात टाकतो. एक जण माऊसचा बाण असेल तिथे टाकतो. एक जुना तर नुसती चौकट दाखवून तुम्हालाच विचारतो, कुठे ठेवू. काही जण पडद्याचे तुकडे करून सगळ्यांना शेजारी शेजारी बसवतात. मी घेतलेला होता तो पडद्यावर मोकळी जागा शोधायचा आणि जिथे मिळेल तिथे नवी खिडकी बसवायचा. शिवाय त्याच्यासाठी साध्या मजकुराची एक फाइल लिहिता यायची: अमुक नावाच्या प्रोग्रॅमची खिडकी तमुक ठिकाणी, एवढ्या रुंदीची. प्रत्येक खिडकी उघडताना आपलं नाव सांगते, मॅनेजर ते नाव यादीत बघतो आणि तिला तिच्या जागेवर नेऊन ठेवतो. केशीतल्या खणासारखंच, असं मी अण्णांना समजावलं तेव्हा ते झटक्यानंतर पहिल्यांदा हसले.

मी यादी लिहिली. पत्रिकेचा प्रोग्रॅम उजवीकडे, फाइलींची यादी उजवीकडे खाली, घड्याळ उजवीकडे वर. पडद्याचा डावा अर्धा भाग मी रिकामाच ठेवला, अण्णांच्या लेखी तो नव्हताच. आठवडाभर मी त्या फाइलीला झटत होते. क्लासमधून आले की पर्स खुंटीला लावून थेट संगणकापुढच्या स्टुलावर. आणि जमलं. अण्णा मान न हलवता काम करायला लागले. पहिली पत्रिका पुरी झाली त्या दिवशी आईने शिरा केला. चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या, पोरीने बापासाठी कॉम्प्युटर बदलला म्हणून. मी वरवर काही नाही काही नाही म्हणत होते, पण मला ते फार आवडलं होतं. आयुष्यात स्वतःच्या डोक्याने केलेली ती माझी पहिली गोष्ट होती. त्यानंतर मी वीसेक वर्षं ऑफिसांतून लोकांचे संगणक नीट करत फिरले, पाठीचे मणके झिजवले, तरी तसं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

आई मात्र शिरा ढवळता ढवळता एक बोलली होती. "तू सगळा त्येंच्या उजव्या अंगाक आणून ठेवलंस. मगे ते मान कशाक वळवतले?" मी म्हटलं, आई, तुला यातलं कळत नाही. ती शिरा ढवळत राहिली. खरं तर ती स्वतःही ताट फिरवतच होती, पण ताट फिरवण्याआधी ती जरा थांबायची, अण्णांची मान वळते का बघायची, हे मला त्या वेळी दिसलं नाही. लाल पट्टीची गुंडाळी मी आणून शिलाई मशीनच्या खणात टाकली होती, ती तिथेच होती.

मग ती लालबागच्या एका घरातली पत्रिका आली. नवरदेवाचे वडील आणि काका यांचं गावच्या घरावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. पत्रिकेत निमंत्रकांची नावं दोन रांगांत होती आणि त्यात काकांचं नाव नव्हतं. अण्णांनी सवयीप्रमाणे फोनवर विचारलं, वडील एकटेच का, भाऊ नाही? पार्टीने विषय टाळला. मजकूर पास झाला. आणि छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी रघुनाथशेठचा फोन आला की मुलाचे वडील काल भावाच्या घरी जाऊन आले, दोघे भाऊ रडले, एक नाव वाढवायचं आहे, दुसऱ्या रांगेत शेवटी, आणि आता प्रूफ नको, थेट छापू. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी फोन ठेवून मला आणि आईला दोनदा सांगितलं. मी क्लासला निघाले तेव्हा ते संगणकासमोर बसत होते, आई बाजाराला गेली होती.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला नंतर जोडून घ्यावं लागलं. अण्णांनी नाव घातलं, वाचलं, जपून ठेवलं. मग चाळीचे दिवे गेले, अर्ध्या तासाने आले. त्यांनी संगणक पुन्हा चालू केला आणि पेन ड्राइव्हवर घ्यायला म्हणून पत्रिका उघडली. ती उघडेना. अडकली असं वाटून त्यांनी एंटर दाबला, तशी ती उघडली. त्यांनी सवयीने पुन्हा जपून ठेवली आणि पेन ड्राइव्हवर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला जाण्याआधी तो पेन ड्राइव्ह मीच फणसवाडीत पोचवला. शेठनी उघडून बघितलं ते फक्त किनार आणि गणपती नीट आले का एवढंच, कारण अण्णांच्या कामात नावं कुणी तपासत नसे.

पत्रिका छापून झाल्या. रीतीप्रमाणे पहिली पत्रिका देवापुढे ठेवून दुसरी अक्षतांसह काकांच्या घरी गेली. काकांनी ती उघडून वाचली, पुन्हा पाकिटात घातली आणि अक्षतांसकट परत पाठवली. त्यांचं नाव तिच्यात नव्हतं. मुलाचे वडील छापखान्यात आले ते ओरडले नाहीत, नुसते बाकावर बसून राहिले, असं शेठ म्हणाले. शेठनी पत्रिका पुन्हा छापून दिल्या, काकांकडे स्वतः जाऊन आले, पण काका म्हणाले की पहिल्या पत्रिकेत जे होतं तेच खरं. पुढे ते लग्नालाही गेले नाहीत.

काकांकडे जाऊन आले त्याच संध्याकाळी शेठ आमच्या घरी आले. अण्णा उभे राहिले आणि त्यांनी चूक आपली आहे एवढंच सांगितलं, दुसरं काही नाही. शेठनी चहा घेतला, कपबशी स्वतः मोरीपर्यंत नेऊन ठेवली आणि जाताना म्हणाले, "अण्णा, आता आराम करा. खूप केलंत." ते गेल्यावर अण्णांनी संगणकावर आईचं जुनं लुगडं झाकलं आणि ते बाहेर गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते लुगडं बाजूला केलं. मला खात्री होती की अण्णा नाव घालायला विसरले. पत्रिका उघडली तर नाव नव्हतंच. मग त्या दिवशी दिवे गेल्याचं अण्णा बोलले होते ते आठवलं, म्हणून मी मुद्दाम बटण बंद करून संगणक पाडला, पुन्हा चालू केला आणि पत्रिका उघडली. पडद्यावर डावीकडे, अगदी वरच्या कोपऱ्यात, एक लहानशी खिडकी आली. मागच्या वेळी काम अर्धवट बंद झालं, आधी राखलेली प्रत उघडायची का, असं ती विचारत होती. मला ती दिसायला क्षणही लागला नाही. अण्णांना ती दिसली नसती, तिथे बसून जन्म गेला असता तरी. तिने ना आपलं नाव सांगितलं होतं, ना आपण कुणाची पोटखिडकी आहोत ते. त्यामुळे माझ्या यादीतला एकही नियम तिला लागू होत नव्हता. अशा अनोळखी खिडकीला मॅनेजर मोकळ्या जागेत बसवतो, आणि मोकळी जागा एकच होती, मी ठेवलेली. सगळा संसार मी उजवीकडे कोंबला होता, म्हणून ती डावीकडे गेली. अण्णांनी न बघता दिलेला एंटर तिलाच मिळाला आणि काकांचं नाव घालण्याआधी प्रोग्रॅमने आपोआप राखलेली जुनी प्रत उघडली. मी सगळं माझ्या दोन डोळ्यांनी तपासलं होतं. एकदाही डावी बाजू हाताने झाकून बघितलं नव्हतं.

आणखी शोधलं तेव्हा पत्रिका होती त्याच कप्प्यात शेवटून दुसऱ्यांदा जपलेली प्रतही सापडली. प्रोग्रॅम ती आपणहून ठेवत असे. तिच्यात दुसऱ्या रांगेत शेवटी काकांचं नाव होतं, नीट, अण्णांच्या पद्धतीने, आडनावाआधी बारीक जागा सोडून.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मी स्वतःला बरीच कारणं दिली: पत्रिका तर आता परत छापून झाल्या, काकांचं मन काही वळणार नाही, अण्णांनी चूक कबूलही केली, शेठनी राग धरला नाही. खरं कारण एकच होतं. माझ्या त्या फाइलीबद्दल आई अजून पाहुण्यांना सांगत होती आणि मला ते ऐकणं सोडवत नव्हतं. शिवाय मी दमले होते. क्लास, हॉस्पिटलच्या चकरा, पाण्याची वेळ. कुणाची आणखी एक नजर झेलायची ताकद नव्हती. दमलेल्या माणसाला गप्प राहणं फार सोपं जातं.

पण अण्णांचं काय होत होतं ते मी बघत होते. त्यांना नाव घातल्याचं स्वच्छ आठवत होतं. कुठलं बोट कुठल्या कळीवर ठेवलं तेसुद्धा आठवत होतं. आणि नाव तर पत्रिकेत नव्हतं. त्यातून त्यांनी एकच अर्थ काढला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, मी सकाळी गोळी घेतली ना? पाचव्या दिवशी जेवून उठल्यावर विचारलं, मी जेवलो का? त्यांना माहीत होतं जेवल्याचं, पण आपल्या माहीत असण्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. ते प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागले. खिळ्यांच्या केशीत आंधळेपणाने हात घालणारा माणूस स्वतःच्या चपला ओळखायला आईला बोलवायला लागला. आई माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, नजर गेली ती गेली, आता डोक्याचं पण काही खरं नाही. तेव्हाही मी बोलले नाही. मला या गोष्टीची लाज आजही वाटते, आणि ती कमी होईल अशी आता आशाही नाही.

आठव्या दिवशी रविवार होता. अण्णांनी शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर त्यांनी स्वतःचं नाव, चाळीचं नाव आणि खोली नंबर लिहिला होता. ती त्यांनी आईला दाखवली आणि विचारलं, हे बरोबर आहे ना, बाहेर गेलो आणि विसरलो तर. आई चिठ्ठी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी उठले, त्यांचा हात धरून त्यांना संगणकापुढे बसवलं आणि म्हटलं, अण्णा, एक दाखवायचं आहे. मी पत्रिका उघडून संगणक पाडला, चालू केला, पत्रिका पुन्हा उघडली. ते वाट बघत राहिले. मी म्हटलं, आता मान डावीकडे वळवा. ते कंटाळून वळले, थोडे थांबले. मी म्हटलं, अजून. आणखी वळले, आणि त्यांना ती खिडकी दिसली. त्यांनी ती अक्षर न् अक्षर वाचली. मग मी त्यांना दुसरी प्रत उघडून दिली.

ते स्टुलावर पुढे सरकले. दुसऱ्या रांगेवर बोट ठेवलं, बोटाखाली मान नेली.

"नाव होता," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो अण्णा. तुम्ही घातलं होतं. ते माझ्यामुळे गेलं."

मी सगळं सांगितलं: यादी, मोकळी जागा, एंटर. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, बोट त्या नावावरच होतं. खाली रविवारमुळे लेथ बंद होता, त्यामुळे पंख्याची घरघर मोठी वाटत होती. आई मागे चिठ्ठी घेऊन उभी होती. अण्णांनी बोट न उचलता विचारलं, "कितके दिस झाले तुका कळान?"

"आठ."

त्यांनी मान हलवली. "आठ दिस मी डोक्या गेला म्हणान बसान होतंय, गो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, मी आत्ता शेठना फोन करून सांगते, चूक माझी होती म्हणून. त्यांनी हात वर केला. "काय एक सांगू नको. भायर माझीच चूक रवांदे. माका फक्त कळाक व्हया होता." मग त्यांनी मशीनच्या खणातली लाल पट्टी मागितली. पट्टी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं, आणि आपल्याला ते आठवलं याचा आनंद त्यांच्या तोंडावर मी पाहिला. पडद्याच्या डाव्या कडेला ती त्यांनी स्वतः चिकटवली, वाकडी. माझी यादी काढून टाक म्हणाले, खिडक्या उघडतील तिथे उघडू देत, मी शोधीन.

मी यादी पुसली. छापखान्यात ते पुन्हा कधी गेले नाहीत, आणि शेठना खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी दुपारी जेवताना भात मध्यावर आला तसा आईचा हात पुढे गेला. अण्णांनी तो अडवला. मान वळवून डावीकडचा भात बघितला, ताट आपल्या हाताने फिरवलं आणि जेवायला लागले. मग न थांबता, माझ्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "आज मी गोळी घेतलंय. बरोबर ना?"